चोरखिसा

आमच्या यांना अख्खी गल्ली मास्तर म्हणते. शिंप्याला मास्तरच म्हणतात, त्यात यांचं कर्तृत्व काही नाही. शाळेशी यांचा संबंध फार लवकर संपला. शाळा यांनी सोडली की शाळेने यांना, यावर माझ्या नणंदांचं अजून एकमत झालेलं नाही. पण कुणी ‘मास्तर’ अशी हाक मारली की हे मान अशी वळवतात, जणू पुढ्यात वर्ग बसलाय.

घराची पुढची खोली म्हणजे आमचं दुकान. खिडकीशी यांचं मशीन, मध्ये कापायचं टेबल, कोपऱ्यात पडदा लावून केलेली ट्रायल रूम आणि त्यात एक आरसा. त्या आरशात माणूस असतो त्यापेक्षा जरा बारीक दिसतो, म्हणून तो मी बदलू देत नाही. काजं-बटणं, तुरपाई आणि गिऱ्हाइकांशी भांडण ही खाती माझ्याकडे. मास्तर भांडत नाहीत. समोरचा जे म्हणेल त्याला ‘हो हो, करून टाकू’ म्हणतात, आणि मग ते करता करता माझे डोळे जातात.

यांच्या हाताला मात्र तोड नाही, हे कबूल करते. पोरांचे कपडे शिवताना हे शिवणीच्या आत जादा कापड दुमडून ठेवतात. त्याला आमच्या धंद्यात माया म्हणतात. पोर वाढलं की शिवण उसवायची आणि माया सोडायची. एखादी आई कुरकुरली, की एवढं कापड घेतलंत ते गेलं कुठे, तर मास्तर हसून म्हणतात, “माया आत असते हो ताई. बाहेरून दिसली तर तो शिंपी कसला?” हे वाक्य मी लक्षात ठेवलं होतं. पुढे कामाला आलं.

टाचणी आमची नात, लेकीची लेक. अंगाने बारीक आणि जिभेने टोकदार, म्हणून टाचणी. लेक आणि जावई दोघंही कारखान्यात. एकाची पाळी सुटते तेव्हा दुसऱ्याची लागते, त्यामुळे पोरगी वाढली ती आमच्या कापायच्या टेबलाखाली, रिकाम्या रिळांचे मनोरे रचत.

असाच मनोरा रचताना तिला पहिल्यांदा फिट आली. रिळं घरंगळत गेली आणि त्यांच्यामध्ये ती पडून थडथडायला लागली. मी तिचं डोकं धरलं. मास्तर स्वयंपाकघरात धावले आणि चमचा घेऊन आले, दातांत घालायला. सगळे तसंच करतात असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. तोवर फिट आपोआप थांबली, म्हणून पोरीचे दात वाचले.

“चमचा जेवताना वापरा,” डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी शांतपणे सगळं समजावलं. रोजच्या गोळ्या घरी द्यायच्या. फिट आली तर कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, दाबून धरायचं नाही, आणि घड्याळ बघायचं. बहुतेक वेळा आपोआप थांबते. पाच मिनिटं उलटली तर हा स्प्रे नाकात मारायचा आणि ताबडतोब रुग्णवाहिका बोलवायची.

“मला जमेल?” मास्तरांनी विचारलं.

“नाक कुठे असतं ते माहीत आहे ना? मग जमेल. कुणालाही जमेल. आणि एक लक्षात ठेवा, फिट येते म्हणून पोरगी अनफिट नाही. शाळा, खेळ, मस्ती, सगळं चालू द्या.”

आमचं सगळं चालू होतं. घोडं अडलं ते शाळेच्या फाटकात.

शाळेच्या मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. बाई वाईट नाही हो, घाबरट आहे. घाबरट माणसाच्या हाती नियम सापडला की तो त्याला मिठीच मारतो. “मास्तर, आम्ही साधी डोकेदुखीची गोळीसुद्धा मुलांना देत नाही,” त्या म्हणाल्या. “औषध शाळेत ठेवायचं नाही, द्यायचं नाही, मुलांनी आणायचं नाही. उद्या काही कमीजास्त झालं तर?”

मास्तर ‘हो हो’ म्हणाले आणि स्प्रे खिशात घालून परत आले. टाचणीचा शाळेचा स्कर्ट घेतला, कमरपट्टीची शिवण उसवली आणि आतून एक खिसा शिवला. इतका सफाईदार की मी बोटांनी चाचपला तरी सापडेना. चोरखिसा.

“छान,” मी म्हटलं. “म्हणजे फिट आली की ती स्वतः उठणार, खिशातून स्प्रे काढणार, स्वतःच्या नाकात मारणार आणि परत पडणार?”

“भोंग्याला सांगून ठेवलंय,” मास्तर म्हणाले.

भोंगा म्हणजे टाचणीची बाकावरची मैत्रीण. तिला गुपित सांगणं म्हणजे ते फळ्यावर लिहिण्यासारखंच. पण खरं सांगते, त्या पोरीने हे गुपित पोटात ठेवलं, आणि नेमकं तिथेच आम्ही तोंडावर पडलो.

कारण पुढच्या फिटला टाचणी वर्गात बाकावरून खाली घसरली आणि भोंग्याने सगळा जीव गोळा करून आरोळी ठोकली, “चोरखिसा! चोरखिसा! चोरखिसा!”

गोंगाटात वर्गाच्या बाईंना ऐकू आलं ते फक्त ‘चोर’. “चोर? कुठाय चोर?” म्हणत त्या दाराकडे धावल्या. पलीकडच्या वर्गातले सर पट्टी घेऊन आले. शिपायाने फाटक लावून घेतलं आणि रद्दी न्यायला आलेल्या एका गरीब माणसाची मानगूट धरली. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, इथे तर चोरच नव्हता. अख्खी शाळा चोर शोधत होती आणि आमची पोरगी दोन बाकांच्या मध्ये एकटी पडून होती. भोंगा तिच्या डोक्याखाली स्वतःचं दप्तर सरकवत होती आणि रडत होती.

फिट आपोआप थांबली. आता हे सांगताना मी हसते, पण तेव्हा हसू आलं नाही. थांबली नसती तर? स्प्रे तिच्या कमरेला होता आणि तो कुणालाही सापडला नसता, इतकं माझ्या नवऱ्याचं काम सुंदर होतं.

मोठ्या बाईंनी आम्हाला बोलावलं. शुद्धीवर आल्यावर टाचणीनेच काढून दिलेला स्प्रे टेबलावर ठेवलेला, जणू पकडलेला मुद्देमाल. “चोरून औषध आणता शाळेत? यापुढे घरचं कुणीतरी मोठं माणूस रोज शाळेत बसलं पाहिजे. नाहीतर मुलीला घरीच शिकवा.”

मी तोंड उघडणार तोच मास्तर म्हणाले, “हो हो, मी बसतो की.”

आणि बसले. वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात एक बाक होता, तो मास्तरांचा झाला. गळ्यात टेप, कॉलरमध्ये दोरा ओवलेली सुई, खिशात स्प्रे. हात रिकामे ठेवायची सवय नाही, म्हणून आधी एका पोराचं तुटलेलं बटण लावून दिलं. मग काय, रांगच लागली. कुणाचा पट्टा, कुणाचं फाटलेलं दप्तर, ग्रंथपालबाईंच्या खुर्चीची उशी, नाटकाचे पडदे. एक नवे पालक येऊन यांना चक्क विचारून गेले, “मास्तर, आमचा मुलगा गणितात कच्चा आहे हो.” यांनी तितक्याच गंभीरपणे सांगितलं, “माया ठेवा, वाढेल.” पालक भारावून गेले.

थोडक्यात, मास्तरांना शाळा मानवली. लहानपणी हुकलेली गोष्ट म्हातारपणी मिळाली होती, आणि तीही परीक्षेशिवाय. मोठ्या बाई खूश, शिक्षक खूश. इकडे दुकानात मी एकटी, मशीन माझ्या पायाखाली आणि अर्धी गिऱ्हाइकं “मास्तर नाहीत? मग नंतर येतो” म्हणून परत. तेही मी चालवून घेतलं असतं. पण टाचणी बोथट होत चालली होती.

आधी घरी आली की शाळेतल्या गोष्टींनी दुकान डोक्यावर घ्यायची. आता गप्प. मधल्या सुट्टीत कुणी तिच्याजवळ बसेना, कारण तिच्याजवळ आजोबा. कुणी तिला कागदाचा बोळा मारेना, कारण आजोबा बघतायत. वर्गात तिला नवीन नाव पडलं होतं, आजोबावाली. आणि एके दिवशी तिने टेबलाखाली शिरून जाहीर केलं, “मी शाळेत जाणार नाही. कधीच नाही.”

“अगं, पण आजोबा असतात ना तिथे?” मास्तर म्हणाले.

“म्हणूनच,” टेबलाखालून आवाज आला.

मास्तर सुईत दोरा ओवत बसले. सुईत दोरा आधीच होता.

त्याच संध्याकाळी वकीलबाई आल्या. आमचं जुनं गिऱ्हाईक. काळा कोट घेऊन आल्या होत्या. “मास्तर, कोट आटला हो.”

“कोट आटत नाहीत,” मी म्हटलं. “कोर्टातला चहा मानवतो.”

मास्तरांनी त्यांना हात पसरून उभं केलं आणि कोटाला टाचण्या टोचायला घेतल्या. टाचण्यांनी घेरलेलं माणूस हलू शकत नाही, ते बिचारं ऐकून घेतं. मी संधी साधली आणि सगळं सांगून टाकलं. चमचा, चोरखिसा, चोर, बाक. चोराशी आल्यावर वकीलबाई हसल्या आणि त्यांना टाचणी टोचली. बाकाशी आल्यावर त्या हसायच्या थांबल्या.

“रोज बसवून ठेवलंय तुम्हाला? ते बेकायदेशीर आहे, मास्तर. आजार आहे म्हणून मुलाला शाळेबाहेर ठेवता येत नाही, आणि शाळेत ठेवायचं तर त्याची सोय शाळेने करायची. डॉक्टर सांगतील तसं दोन-तीन शिक्षकांनी शिकून घ्यायचं, औषध हाताशी ठेवायचं. आजोबांना बाकावर बसवणं ही सोय नाही, ती शाळेची सुटका आहे.”

“मला काही त्रास नाही हो त्याचा,” मास्तर घाईघाईने म्हणाले.

“तुमच्या त्रासाचं कुणी विचारलंय? हक्क तुमचा नाहीच. हक्क तिचा आहे.”

“पण मी असलो की तिची काळजी घेतली जाते. शाळेतल्या लोकांना ती माया कुठून येणार?”

आता मात्र मला राहवलं नाही. “माया आत ठेवायची असते असं गिऱ्हाइकांना सांगता ना? मग ही उलटी करून व्हरांड्यात का मांडलीत? पोरीला बोचतेय ती. दिसत नाही?”

वकीलबाई हात पसरून तशाच उभ्या. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि फार हळू म्हणाले, “दिसतंय. पण मी तिथे नसताना तिला काही झालं, तर मी काय करू?”

मला त्यांचा राग आला होता, तो तिथल्या तिथे विरघळला. हीच भीती मोठ्या बाईंची आणि हीच माझी. फक्त आम्हा दोघींना ती बाकावर बसून घालवता येत नव्हती.

टेबलाखालून आवाज आला, “तुम्ही नसलात तर दुसरं कुणीतरी असेल ना. शाळेत एवढी माणसं आहेत.”

कोर्टात जावं लागलं नाही. वकीलबाईंनी मोठ्या बाईंकडे भेटीची वेळ मागितली आणि सैल केलेला कोट घालून गेल्या, तेवढ्यानेच निम्मं काम झालं. मोठ्या बाईंनी तोच प्रश्न विचारला, “उद्या काही कमीजास्त झालं तर?”

“डॉक्टरांनी सांगितलंय तसं केलंत तर कायदा तुमच्या पाठीशी आहे,” वकीलबाई म्हणाल्या. “काहीच केलं नाहीत, तर मात्र मी समोरच्या बाजूला असेन.”

मोठ्या बाई थोडं पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, “मला कुणी शिकवलंच नाही हो कधी. मुलगी पडली की मी काय करायचं, ते मला कुणी दाखवलं असतं तर मी नाही म्हटलं असतं का?” हे अगदी मनापासून म्हणाल्या. त्या दिवसापासून मी त्यांना घाबरट म्हणत नाही. वर म्हटलं ते शेवटचं.

मग दवाखान्यातल्या नर्सबाई शिकवायला आल्या. पेशंट म्हणून कुणीतरी हवं होतं. कोण पुढे झालं ते सांगायला नकोच. मास्तर स्टाफरूमच्या सतरंजीवर आडवे झाले आणि हातपाय असे झाडले की नर्सबाईंना सांगावं लागलं, “आजोबा, एवढं नको.” पीटीच्या सरांनी कुशीवर वळवलं, वर्गाच्या बाईंनी शाल दुमडून डोक्याखाली घातली आणि मोठ्या बाईंनी, स्वतः मोठ्या बाईंनी, पाणी भरलेला सरावाचा स्प्रे यांच्या नाकात मारला. मास्तर शिंकत उठले आणि म्हणाले, “जमलं!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

शेवटी प्रश्न आला की औषध ठेवायचं कुठे. एक स्प्रे ऑफिसात राहील हे ठरलं. दुसरा? कपाटात, बाईंच्या टेबलात, असं चाललं होतं. वकीलबाई म्हणाल्या, “जिचं औषध आहे तिला विचारा.”

टाचणी म्हणाली, “माझ्या खिशात. पण बाहेरच्या खिशात. मी काय चोरी केलीय?”

मास्तरांनी त्या रविवारी नवा खिसा शिवला. स्कर्टच्या उजव्या बाजूला, बाहेरून, लाल कापडाचा, वर झडप आणि झडपेला बटण. इतका ठळक की वर्गाच्या दारातून दिसावा. चोरखिसा त्यांनी स्वतः उसवला. उसवताना माझ्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून बाक रिकामा. मास्तर दुकानात होते, पण ते फक्त शरीराने. फोन मशीनवर, डोळे फोनवर. एका गिऱ्हाइकाच्या पॅन्टला दोन्ही पाय डावे झाले. शाळेत चक्कर टाकायला निघाले की मी दारात आडवी होई. “तिकडचे पडदे बघून येतो,” म्हणायचे. मी म्हणायचे, “इकडचे बघा आधी.” असं बरेच दिवस चाललं. टाचणीला मात्र धार परत आली होती. वर्गात कुणाला तरी बोळा मारला म्हणून शिक्षा झाली, ती तिने मेडल मिळाल्यासारखी सांगितली.

आणि मग शाळेतून फोन आला.

मास्तरांनी ‘टाचणीला फिट’ एवढंच ऐकलं. ट्रायल रूममध्ये एक गृहस्थ अर्ध्या टाचलेल्या शर्टात उभे होते, त्यांना तसंच सोडून हे धावत सुटले. फोन टेबलावर तसाच. पलीकडून मोठ्या बाई मला सांगत होत्या, “फिट थांबली आहे. ती ठीक आहे. नियमाप्रमाणे कळवलं, मास्तरांना घाई करू नका म्हणावं.” पण मास्तर तोवर गल्लीच्या टोकाला पोचले होते.

पुढचं त्यांनी मला सांगितलं ते असं. ते वर्गापर्यंत पोचले तेव्हा कुणी ओरडत नव्हतं, धावत नव्हतं. वर्ग चालू होता. शेजारच्या खोलीत टाचणी कुशीवर झोपली होती, डोक्याखाली पीटीच्या सरांचं जॅकेट. सर जवळ बसले होते, स्प्रे एका हातात, घड्याळ दुसऱ्या हातात. पाच मिनिटांच्या आतच फिट थांबली होती, स्प्रे लागलाच नव्हता. भोंगा दारात पहारा देत होती. ती म्हणाली, “मास्तर, सगळं झालं. या वेळी मी ‘लाल खिसा’ ओरडले.”

सगळं झालं होतं. मास्तरांना करायला काही उरलंच नव्हतं. ते नुसते उभे राहिले. मग त्यांना दिसलं की घाईत झडप ओढताना खिशाचं बटण तुटलंय. कॉलरमधली सुई काढली, खाली बसले आणि पोरीची झोप मोडू न देता ते बटण लावायला घेतलं. अर्ध्यात थांबले. घाईत उघडत नाही ते बटण काय कामाचं? दोरा तोडला आणि बटण खिशात टाकलं.

थोड्या वेळाने टाचणीने डोळे उघडले. कुठे आहोत ते आधी कळेना तिला. मग यांना ओळखलं आणि कपाळाला आठी पडली. “आजोबा? तुम्ही कशाला आलात?”

“सहज,” हे म्हणाले.

“दुकान उघडं टाकून?” जीभ अजून जड होती, पण टोक शाबूत होतं. “मला बरं वाटतंय. थोडं पडते. पुढचा तास चित्रकलेचा आहे. तुम्ही जा आता.”

हे आले. सावकाश, चालत. ट्रायल रूममधल्या गृहस्थांना मीच सोडवलं होतं. मास्तर कापायच्या टेबलापाशी बसले आणि चिंध्यांच्या डब्यात काहीतरी शोधायला लागले. खिशाला लावायला व्हेल्क्रोची चिकटपट्टी हवी होती, एका झटक्यात फर्रकन उघडेल अशी.

“मला जा म्हणाली गं,” ते डब्यातच बघत म्हणाले.

त्यांचे डोळे भरले होते आणि ते हसत होते. मीही तशीच झाले होते.

“मग?” मी म्हटलं. “हक्कच आहे तिचा.”